पळणं बंद करू का, डॉक्टर?

"डॉक्टर, हिला आधी पळायचं बंद कर म्हणून सांगा." पेशंट खुर्चीत टेकायच्या आत तिच्या नणंदेनं फर्मान काढलं.

सांगलीत त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना नवऱ्यानं, सासूनं, शेजारणीनं केलेली निदानं रोज कानावर पडतात. पण व्यायामालाच आरोपी करून आणलेली ही पहिलीच केस. पेशंट ५१ वर्षांची शिक्षिका. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. शाळा दुपारची, त्यामुळे घरचं आवरून साडेआठला पळायला बाहेर पडायची, दहापर्यंत परत. रविवारी मैत्रिणींबरोबर दंडोबाचा डोंगर. शुगर आटोक्यात आली, गुडघे कुरकुरायचे थांबले. पण गालांवर वांग आलं, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं झालं आणि घरात एकच पालुपद सुरू झालं: पळून पळून चेहरा उतरला.

वांग दिसलं की मी पहिल्यांदा विचारते, मेडिकलमधून कुठली ट्यूब आणून लावलीस? निम्म्या वेळा स्टिरॉइड निघतं. हिनं सुदैवानं बेसनापलीकडे काही लावलं नव्हतं.

मग तिला बाही वर करायला सांगितलं. दंडाची आतली बाजू मी आवर्जून बघते, कारण तिथे ऊन पोचत नाही. तिचा दंड घट्ट होता, रंग एकसारखा. चिमटीत धरून सोडलेली कातडी लगेच जागेवर गेली. त्याच हाताची मनगटापासून कोपरापर्यंतची वरची बाजू मात्र कोरडी आणि डागाळलेली. दोन्हीकडचं वय एकच, पळणारं अंगही एकच. फरक फक्त उन्हाचा.

घरच्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. वजन उतरलं की गालाची चरबी कमी होते आणि आधीच्या घड्या उठून दिसतात. त्यात पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळजवळ ३० टक्के कोलॅजन जातं, म्हणजे कातडीला आतून ताठ ठेवणारं प्रथिन. आणि उन्हातले अतिनील-ए किरण थेट खालच्या थरापर्यंत जाऊन तेच तोडतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर सुरकुत्यांच्या आधी डाग येतात, म्हणून बायका वांगाला घाबरून येतात, सुरकुत्यांना नाही.

व्यायामाची बाजू उलट आहे. जपानमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठं काम करणाऱ्या मध्यमवयीन बायकांकडून १६ आठवडे व्यायाम करून घेतला, काहींकडून एरोबिक, काहींकडून वजनं उचलण्याचा. लवचीकपणा दोन्ही गटांत सुधारला. वजनं उचलणाऱ्यांच्या त्वचेचा आतला थर जाडही झाला. अभ्यास लहान आहे आणि त्यात सौंदर्यप्रसाधनं करणाऱ्या कंपनीची माणसं होती, तेव्हा मी त्यावर उड्या मारत नाही. पण पळण्यानं कातडी सैल होते असं म्हणायला तेवढाही आधार नाही.

नणंदबाईंना हे पटेना. "आम्ही तासगावकडचे, जन्म द्राक्षबागेत गेला. मी कुठं पळते? तरी माझं बघा की."

म्हणून बघितलंच. तिचे हात कफच्या रेषेपर्यंत चांगले उजळ, रेषेखालचे पंजे करपलेले. "मालकांचा जुना शर्ट घालते बागेत, औषध अंगाला लागू नये म्हणून." दंड तर भावजयीपेक्षा कसलेला. मग मान वर करायला सांगितली आणि मीच थबकले. हनुवटीची सावली पडते म्हणून तिच्याखालची कातडी सहसा उजळ राहते. हिची तीही काळवंडलेली, आडव्या रेघांनी भरलेली.

"ऑक्टोबर छाटणी झाली की मांडव उघडा असतोय. काडीच्या डोळ्यांना, कोंब फुटतात तिथं, पेस्ट लावायची म्हणजे दिवसभर मान वर."

"म्हणजे न पळताही झालंच की, वन्सं," शिक्षिका हळूच म्हणाली. नणंद गप्प.

चिठ्ठीत पळणं तसंच ठेवलं, वेळ बदलली. उन्हात आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडायला लागली की घरात असायचं, एवढं एकच घड्याळ सांगितलं. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून सनस्क्रीन, तेही रंग असलेलं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं आणि वांग वाढायला तोही पुरतो. आठवड्यातून दोनदा वजनं. नणंदेला रुंद काठाची टोपी सुचवली तर ती खळखळून हसली, "गावात काय म्हणतील?" शेवटी स्कार्फ मानेवरून घेऊन नाकापर्यंत बांधायला तयार झाली.

काही महिन्यांनी शिक्षिका तपासायला आली. आता पहाटे पळते. वांग बरंच फिकं झालंय, सुरकुत्या आहेत तिथेच आहेत. त्या जातील असं मी म्हटलंही नव्हतं, पण घरचं पालुपद थांबलंय म्हणे. नणंदेची छाटणी चालू होती, ती आली नाही. तिनं सनस्क्रीनची चिठ्ठी तेवढी मागून घेतली.