दोघींचा फोटो: आमच्या स्टुडिओची वाटचाल

चाळीसगावात आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्टुडिओ टाकला तेव्हा कामं ठरलेली होती. पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो, स्थळाला पाठवायचा मुलीचा फोटो आणि लगीनसराईत रात्रीची जागरणं. यशिकाचा कॅमेरा, १२० चा रोल, एका रोलमध्ये बारा फोटो. एकेक फोटो जपून काढायचा, म्हणून लहान मूल स्टुडिओत आलं की त्याच्या वाट्याला एक, फार तर दोन. मागे धबधब्याचा रंगवलेला पडदा, पुढे लाकडी घोडा आणि कॅमेऱ्याच्या बाजूला खुळखुळा वाजवत "आठे देख, आठे देख" करणारी आत्या. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करण्यात आप्पांचा हात बसलेला होता, पण घाबरलेलं मूल पेन्सिलीने मोकळं होत नाही. आमच्या जुन्या अल्बममधली निम्मी पोरं डोळे विस्फारून बसलेली आहेत.

मी लग्न होऊन धुळ्याहून आले आणि डार्करूममध्येच रमले. २००५ च्या सुमारास माझ्या मिस्टरांनी डिजिटल कॅमेरा घेतला आणि रोलचा हिशेब संपला. आमच्या दोन मुली तेव्हा लहान होत्या. थोरली बालवाडीत, धाकटी रांगणारी. दोन लहान लेकरांच्या घरात निवांत वेळ कधी मिळतच नाही, म्हणून कॅमेरा मी फ्रिजवर ठेवायला लागले. पोळ्या लाटता लाटता हात पुसायचा आणि फोटो काढायचा.

एका दुपारी लोडशेडिंग होतं. धाकटी झोळीत, थोरली जमिनीवर बसलेली. एका पायाने ती झोळीला हेलकावा देत होती आणि हातात बाहुली घेऊन तिची वेणी घालत होती. झोळीतून एक छोटा पाय बाहेर आला होता. थोरलीने वेणी अर्धी सोडून तो पाय धरला, आत सारला, परत वेणी धरली. पाय परत बाहेर. उघड्या दारातून येणारा उजेड फरशीवरून उलटून दोघींच्या अंगावर पडत होता. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो फोटो मोठा करून आम्ही काउंटरमागे लावला आणि तिथून आमच्या कामाची दिशा बदलली.

पासपोर्ट काढायला आलेल्या एका शिक्षिकाबाई त्या फोटोपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "माझ्याही दोघीच आहेत. असा काढून द्याल का, आमच्या घरी येऊन?" मी लगेच हो म्हटलं. सोबत त्यांच्या सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ येऊ दे ना, मग सगळ्यांचा एकदमच काढू."

हे वाक्य मी त्यानंतर इतक्या घरांत ऐकलं आहे की आप्पांचे निगेटिव्हचे डबे मुद्दाम उघडून बसले. नातू मांडीवर घेतलेले आजोबा ढिगाने सापडले. भाऊ-बहीणही पुष्कळ. पण नुसत्या दोन लहान बहिणी, एकमेकींसोबत, असे फोटो फारच थोडे. मुलगा होईपर्यंत कुटुंब अपुरं, आणि अपुऱ्या कुटुंबाच्या फोटोवर कोण पैसे घालवणार, असा तो हिशेब होता. २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८४२. सोन्याच्या आणि केळीच्या या सुखवस्तू जिल्ह्यात हा आकडा. तो वाचला तेव्हा मी आणि मिस्टरांनी ठरवलं की दोन मुलींचं घर हे पूर्ण घर आहे, हे आपण आपल्या कामातून म्हणत राहायचं. भाषण करून कोणी ऐकत नाही. पण बैठकीच्या भिंतीवर दोघींचा मोठा फोटो लागला की आल्यागेल्याला तो दिसतो. सासूबाईही मग त्याच फोटोखाली बसून नातींचं कौतुक सांगतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या शिक्षिकाबाईंच्या सासूबाईंनी सहा महिन्यांनी आपल्या माहेरच्यांना दाखवायला दुसरी प्रत मागून नेली.

घरी जाऊन फोटो काढायचे तर पद्धत वेगळी लागते. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे सकाळी नऊच्या आत आवरायचं. पूर्वेचं दार किंवा खिडकी असेल ती खोली निवडायची, ट्यूबलाइट बंद करायची. फ्लॅश मी वापरत नाही. झोपेतून उठलेलं पोर फ्लॅशने बिथरतं. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास, कारण दोन वर्षांचं मूल हलत असतंच. दोघी एका ओळीत असतील तर लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडं चालतं. एक पुढे, एक मागे असेल तर ते f/५.६ पर्यंत लहान करावं लागतं, नाहीतर धाकटीचे डोळे स्पष्ट आणि थोरली धूसर. थोरलीला ते कळतं. "मी का अशी दिसते?" असं एका चार वर्षांच्या मुलीने मला विचारलं आहे.

थोरलीबद्दल जास्त सांगायला हवं, कारण सगळं घर बाळाभोवती असतं. नवं बाळ आलं की कालपर्यंत मांडीवर असलेली मुलगी अचानक मोठी ठरते. "पापी घे ना बाळाची, ताई आहेस ना तू!" असं चारचौघांनी म्हटलं की ती तोंड फिरवते, आणि ते बरोबरच आहे. मी गेल्यावर आधी तिच्याशी बोलते, बाळाकडे बघतही नाही. तिला काम देते. पावडरचा डबा धर, लंगोट घेऊन ये, बाळाच्या पायाची बोटं मोजून सांग. बोटं मोजता मोजता ती वाकते, बाळ तिचं बोट घट्ट धरतं आणि मग मला काही सांगावं लागत नाही. "स्माइल" हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. नवे टोचणारे नेटचे फ्रॉकही नकोत. घरातला धुऊन मऊ झालेला सुती फ्रॉक सगळ्यांत चांगला.

खान्देशातल्या घरात बाळाच्या अंघोळीसारखी फोटोची दुसरी वेळ नाही. पाटावर पाय लांब करून बसलेली आजी, पायांवर पालथं बाळ, तेल, हळद-बेसन, मग शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी आणि बाजूला फुंकर मारायला उतावीळ झालेली ताई. धुरीचा धूर बेताचाच ठेवा आणि खिडकी उघडी असू द्या, एवढं मात्र मी सांगते. टोपलीत टांगलेलं किंवा हनुवटीखाली हात ठेवून बसवलेलं बाळ असे फोटो लोक मोबाइलवर दाखवतात आणि तसेच मागतात. आम्ही ते करत नाही. दहा दिवसांच्या बाळाला मान धरता येत नाही. बाळ आईच्या कुशीत राहील, फोटो तिथेच होईल.

आई फोटोत यायला तयार नसते. "माझा नको ताई, मी अशीच आहे," म्हणत गाऊनवर ओढणी घेते. तिला थांबवून फोटोत घ्यावंच लागतं. नाहीतर वीस वर्षांनी मुली अल्बम उघडतील तेव्हा त्यात सगळे असतील, फक्त कॅमेऱ्यामागे धावपळ करणारी आई नसेल. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला प्रवेश नसतो. म्हणून मी एका मुलीला मदतीला घेतलं, तिला कॅमेरा शिकवला. आता निम्मी घरं तीच सांभाळते. मिस्टर लग्नं बघतात, आणि खरं सांगायचं तर दुकानाचं भाडं आजही लग्नांवरच निघतं.

बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की मी त्यांना आमच्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचा बंगला पाहून जायला सांगते. स्टेशनजवळ आहे, आता संग्रहालय आहे. १९८९ मध्ये ते गेले. आयुष्याची पन्नासेक वर्षं त्यांनी त्या घरात जवळजवळ कोंडून घेऊन काढली आणि टेबलावर वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून जगभर नावाजलेले फोटो काढले. मूसांच्या टेबलावरच्या वस्तू त्यांनी ठेवल्या तिथे राहिल्या. माझ्या समोरच्या दोघी राहणार नाहीत. तरी उजेड कुठून येतो आणि कुठे संपतो, हे बघत थांबायचा धीर मी त्यांच्या फोटोंपुढे उभी राहून शिकले.

२०२१ च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला आणि गावात पाणी शिरलं. कन्नड घाटात त्याच वेळी दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे लोक चिखलाने माखलेले अल्बम घेऊन यायला लागले. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका, हे आम्ही प्रत्येकाला कळकळीने सांगत होतो. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओला असताना तो मागच्या पानावर निघून येतो. स्वच्छ गार पाण्यात भिजवायचे, सुटतील तसे सोडवायचे, चित्र वर करून सावलीत सुकवायचे. काचेला चिकटलेले तसेच काचेसकट स्कॅन करायचे. दुकानभर दोऱ्या बांधून आम्ही लोकांची लेकरं वाळत घातली होती. लॅबचे फोटो बरेच वाचले, घरगुती इंकजेटवर काढलेल्यांचा रंग वाहून गेला. ज्यांचे फोटो नुसते मोबाइलमध्ये होते आणि मोबाइल पाण्यात गेला, त्यांना मात्र द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक घराच्या फाइल्स दोन हार्ड डिस्कवर ठेवतो, एक दुकानात आणि एक माझ्या माहेरी धुळ्याला. आणि लॅबचे निदान दहा प्रिंट घेतल्याशिवाय काम घेत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा आमची सगळ्यांत जास्त धावपळ असते. निंबाला झोका बांधलेला असतो, गौराईची गाणी चालू असतात, आणि झोक्यावर आता ज्यांच्या मुली बसतात त्या बहिणींचे लहानपणीचे फोटो कधी आप्पांनी, कधी मी काढलेले असतात. जुनी प्रिंट घेऊन या, मी तिच्यावरून नवी काढून देते. आखाजीच्या आठवड्याचं बुकिंग होळीपर्यंत भरतं, तेव्हा उशीर करू नका.

घरात दुसरी मुलगी आली असेल तर दोघींच्या पहिल्या फोटोची बारा बाय अठराची प्रिंट फ्रेमसकट आमच्याकडून. तिचे पैसे घेत नाही, तुम्ही चाळीसगावचे असा की पाचोऱ्याचे, भडगावचे की पारोळ्याचे. सवा महिन्याच्या आत कळवा. आणि बाळाची नको, थोरलीची झोपेची वेळ आधी सांगून ठेवा. तिची झोप झाल्यावरच आम्ही येऊ.