मुलाने टाकलेला व्हिडिओ

मी नाशिकला पेटंट एजंट आहे. चांदवडकडचे एक फॅब्रिकेशनवाले काका मुलाला घेऊन आले. त्यांनी कांद्याची पात कापणारं यंत्र बनवलं होतं. उलट फिरणारे दोन रूळ पात खाली ओढतात, पातं ती छाटतं आणि कांद्याला दोन-अडीच सेंटिमीटर मान राहते. मान आखूड झाली की कांदा चाळीत टिकत नाही, हे मला त्यांनीच समजावलं.

"साहेब, शेजारच्या गावात एक जण हुबेहूब हेच विकायला लागलाय. त्याला थांबवा."

"आधी कुणाला दाखवलंय?"

मुलाने कौतुकाने मोबाइल पुढे केला. दोन वर्षांपूर्वीचा यूट्यूब व्हिडिओ! झाकण काढून, रुळांमधलं अंतर टेपने मोजून दाखवलेलं. शिवाय कृषी प्रदर्शनात स्टॉलही लावलेला.

विषय तिथेच संपला. अर्जाआधी जगजाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही, जाहीर करणारे तुम्ही स्वतः असलात तरी. प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात नमूद केलेल्या प्रदर्शनापुरतीच. तालुक्याच्या प्रदर्शनाला कुठलं राजपत्र? मुलगा मान खाली घालून बसला. व्हिडिओ त्यानेच टाकला होता.

फोनवर यंत्राचं वर्णन ऐकून मी आदल्या दिवशी थोडा शोध घेतला होता. त्यात याच जातीच्या यंत्राचं एक जुनं अमेरिकी पेटंट सापडलं होतं. त्याचे कागद काकांपुढे ठेवले. खरं तर 'यात नवीन फारसं नव्हतंच' असं सांगून त्यांचं दुःख हलकं करावं, एवढाच माझा हेतू. इंग्रजी त्यांनी वाचलं नाही. तिसऱ्या आकृतीवर मात्र बोट ठेवून बराच वेळ गप्प राहिले.

"ही पट्टी बघ," मुलाला म्हणाले. "आपल्या रुळाला पात गुंडाळते, दर अर्ध्या तासाला मशीन बंद करून विळ्याने सोडवतो. यांनी रुळाला लागून पट्टीच बसवलीय." मग माझ्याकडे वळून, "हे बनवलं तर केस होईल का?"

"नाही. वीस वर्षांची मुदत कधीच संपली. आणि भारतात त्यांनी अर्जच केला नव्हता."

एवढी वर्षं मी लोकांना पेटंट म्हणजे कुंपण असंच सांगत आलो. कुंपण घालायचं तर आतलं सगळं आकृत्यांसह लिहून द्यावं लागतं, ही बाजू मीच कधी कुणाला नीट सांगितली नव्हती.

काकांनी सगळ्या पानांच्या झेरॉक्स मागितल्या. दारापर्यंत जाऊन परत आले.

"शेजारच्यालाही हे बघता येईल?"

"कुणालाही. इंटरनेटवर फुकट आहे."

"असू द्या. तुम्ही सांगू नका म्हणजे झालं. आणि तू," मुलाकडे बघत, "व्हिडिओ टाकायचा नाही."