आज टीडी मनासारखी चालली!

आज सकाळी सकाळी एमजी टीडी, म्हणजे माझी जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार, काढली आणि नाशिकच्या गंगापूर रोडने थेट धरणापर्यंत जाऊन आलो, काय पळाली यार!! १२५० सीसीचं छोटंसं इंजिन, पण त्याला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारे), आणि दोन्ही सारखी हवा ओढत नाहीत तोवर गाडी आयडलला थरथरते, पिकअपला अडखळते. काल सातपूरचे आमचे मिस्त्री काका आले, मीटर वगैरे काही नाही, रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बच्या तोंडाशी, दोन्हीकडचा सूं सूं आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत बसले. मग एकेका कार्बचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून बघायचा, इंजिनचा स्पीड वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून पुन्हा पहिल्यासारखा झाला की बरोबर. असे कान आता फार कमी लोकांकडे राहिलेत, मला हे त्यांच्याकडून शिकायचंच आहे.

टीडी बनली १९५० ते ५३, पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा, त्यामुळे पंचवटीतल्या सुतारदादांनी दाराचा खांब नवीन घडवून दिला तेव्हाच दार नीट लागायला लागलं. आणि रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, सोमेश्वरच्या पुढे टप खाली करून वळणं घेताना रस्ता हातात कळतो हो!

पुढच्या रविवारी काकांना शेजारी बसवून त्र्यंबक रोडने अंजनेरी, त्याआधी ब्रेकचे ड्रम तेवढे उघडून बघायचेत.