वहीत न लिहिलेला घोडा

पहिल्यांदा रेसकोर्सवर गेले तेव्हा मी सात नंबरच्या घोड्यावर १०० लावले, कारण काय तर तो पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसच्या आधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेत, माझ्याकडे बघत होता. मैत्रीण म्हणाली अगं घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, तो सगळ्यांकडेच बघत असतो. तरी लावले. आणि तो जिंकला, तोही शॉर्ट हेडने, डोक्यापेक्षाही कमी फरकाने, म्हणजे फोटो बघून निकाल देईपर्यंत पाच मिनिटं गेली आणि तोवर माझ्या हातातलं तिकीट घामाने मऊ झालं होतं. ५४० मिळाले. आता वाटतं तो घोडा त्या दिवशी दुसरा आला असता तर माझी दोन वर्षं वेगळी गेली असती.

असो. नाद लागला. पैशासाठी लागला नाही असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे, आणि नंतर कळलं की तिथला प्रत्येक माणूस हेच सांगतो. पण अर्धं तरी खरं होतं. रेसमध्ये अभ्यास असतो हो, तो नाही म्हणणाऱ्यांनी एकदा रेसबुक उघडून बघावं. घोड्याच्या मागच्या पाच-सहा रेस, अंतर किती, पाठीवर वजन किती होतं, मैदान ओलं होतं की कडक, गेट आतलं की बाहेरचं, जॉकी कोण, ट्रेनर कोण, मधे किती दिवस गॅप. मग पॅडॉकमध्ये प्रत्यक्ष बघायचं, कान कसे ठेवलेत, अंगावर चकाकी आहे का, मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस जमलाय का, कारण तो जमला असेल तर गडी रेसच्या आधीच दमला असं समजायचं. (मी फेस आलेले तीन घोडे असे सोडून दिले आणि त्यातले दोन जिंकले, तो भाग वेगळा.)

मी रीतसर वही घातली. तारीख, रेस, घोडा, भाव, किती लावले, किती आले. दर वेळी १०० च लावायचे, जास्त नाही, हा नियम पहिल्या पानावर लिहिला होता आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता.

आता जी गोष्ट मला कळायला दीड वर्ष लागलं ती सांगते. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या स्वतःच्या तिकीट खिडकीवर, तुम्ही घोड्याविरुद्ध खेळत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसांविरुद्ध खेळता. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, त्यातून आधी कमिशन आणि टॅक्स कापतात, आणि उरलेलं जिंकणाऱ्या तिकिटांमध्ये वाटतात. ही पद्धत पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर नावाच्या माणसाने १८६७ च्या सुमाराला काढली, आणि ते गणित आपोआप करणारं मोठं यंत्र १९१३ साली न्यूझीलंडला ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर बसवलं, ते जॉर्ज ज्युलियसचं. गंमत म्हणजे ज्युलियसने ते मुळात निवडणुकीतली मतं मोजायला केलं होतं, सरकारने घेतलं नाही म्हणून ते घोड्यांकडे वळलं.

तर समजा पूलमध्ये १०,००० आले आणि १८ टक्के कापले, उरले ८,२००. हा कापण्याचा आकडा जागेप्रमाणे बदलतो, साध्या विनवर, म्हणजे एकच घोडा जिंकेल एवढंच लावलं तर, कमी असतो, ट्रेबल जॅकपॉट असल्या, अनेक रेसचे विजेते एकदम ओळखायच्या गोष्टींवर जास्त, आणि आपण नेमके जॅकपॉटकडेच धावतो. वरून पैसे देताना आकडा खालच्या बाजूला राउंड करतात, ते चिल्लर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे मैदानावरचे सगळे लोक मिळून रेस सुटायच्या आधीच १८ टक्क्यांनी हरलेले असतात. आता आलेले पैसे परत पुढच्या रेसला लावा, सरासरी धरली तर १००० चे ८२०, मग ६७२, मग ५५१, सहाव्या रेसनंतर ३०४. त्या दिवशी कुणी तुम्हाला लुटलेलं नसतं, घोडा लंगडा नसतो, जॉकीने लगाम ओढलेला नसतो, तरी १००० चे ३०४.

बुकीकडे पूल नसतो पण त्याची कात्री भावातच असते. चार घोडे आहेत, भाव एकास एक, एकास दोन, एकास चार आणि एकास नऊ, म्हणजे १ लावला आणि घोडा जिंकला तर वर १, २, ४ किंवा ९ मिळणार. शक्यतेत मांडा, ५० टक्के, ३३, २० आणि १०. बेरीज ११३. खऱ्या जगात ती १०० च्या वर जाऊ शकत नाही, वरचे १३ त्याचे. मी हे एकदा पेनाने करून बघितलं आणि पुढे भाव बघायची माझी पद्धतच बदलली. खेळायची मात्र बदलली नाही, ते महत्त्वाचं.

कारण मला वाटायचं मी बाकीच्यांपेक्षा हुशार आहे. १८ टक्के सगळ्यांना लागतात, मी अभ्यास करते, मी त्या १८ च्या वर निघेन. निघणारे असतातही, बिल बेंटर नावाच्या माणसाने हाँगकाँगच्या रेसवर कॉम्प्युटर मॉडेल लावून प्रचंड पैसे केले, पण त्याच्याकडे वर्षानुवर्षांचा डेटा होता, शंभरच्या वर घटक होते, आणि तरीही लोकांनी ठरवलेला भाव मॉडेलमध्ये घातल्याशिवाय त्याचं घोडं पुढे सरकत नव्हतं. माझ्याकडे एक वही होती आणि फेसाची थिअरी.

पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता, त्याबद्दल वाचलं तेव्हा वही बंद करून बसले होते मी. त्याने आठ अनुभवी हँडिकॅपर घेतले, म्हणजे रेसचे आकडे कोळून प्यायलेले लोक, आणि जुन्या रेसचे निकाल ओळखायला सांगितले. आधी प्रत्येकाला घोड्याबद्दल ५ गोष्टी दिल्या, मग १०, मग २०, मग ४०. अंदाज बरोबर यायचं प्रमाण ५ गोष्टींना जेवढं होतं तेवढंच ४० ला राहिलं. वाढत गेली ती फक्त त्यांची खात्री. हे वाचून मला माझ्या वहीतल्या कोपऱ्यात लिहिलेल्या नोट्स आठवल्या, "मैदान ओलं, बाप ओल्यात चांगला पळायचा, जॉकी चेंज, नक्की". नक्की या शब्दाखाली दोन रेघा. घोडा आठवा आला होता.

आणि दुसरा एक, तो तर अगदी घरचाच वाटतो. कॅनडात नॉक्स आणि इंक्स्टर या दोघांनी १९६८ मध्ये छापलेला अभ्यास. खिडकीवर तिकीट काढायच्या जस्ट आधी काही लोकांना विचारलं तुमचा घोडा जिंकेल याची किती खात्री आहे, आणि काहींना तिकीट काढून वळल्या वळल्या विचारलं. नंतरवाल्यांना जास्त खात्री होती. मधे घडलं काय, काही नाही, पैसे खिशातून गेले. मला हे इतकं ओळखीचं होतं की हसू आलं, रांगेत असताना मी चार की सहा चार की सहा करत असायचे आणि तिकीट हातात आलं की सहाच्या नावाने अशी ओरडायचे जशी काही पाळण्यापासून त्याला ओळखते.

फेवरिटवर, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत त्या घोड्यावर, लावत राहा, असं शहाणे लोक सांगतात. फेवरिट साधारण तीन रेसमध्ये एक जिंकतो, खरं आहे, पण भाव इतका पडलेला असतो की हातात काय येतं बघा. १९७३ ला अमेरिकेत सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याने बेलमॉन्ट स्टेक्स ही रेस ३१ लेंग्थने, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीएवढ्या फरकाने जिंकली, मागचा घोडा कॅमेऱ्यात पण येईना एवढं अंतर, आणि २ डॉलरच्या तिकिटाला मिळाले २ डॉलर २० सेंट. ५,६१७ लोकांनी ते तिकीट वटवलंच नाही, आठवण म्हणून ठेवून दिलं. मला वाटतं रेसच्या इतिहासात एवढे शहाणे लोक एका दिवशी परत कधी जमले नसतील.

आणि उलट बाजूला फॉइनेव्हन नावाचा घोडा. १९६७ ची ग्रँड नॅशनल, इंग्लंडमधली अडथळ्यांची रेस, बिनस्वाराचा एक घोडा अडथळ्यासमोर आडवा पळत सुटला आणि मागून येणारे बहुतेक घोडे एकमेकांवर आदळले किंवा अडकले, फॉइनेव्हन इतका मागे होता की तो येईपर्यंत वाट काढायला वेळ मिळाला. १०० ला १ चा भाव, टोटवर तर ४४४ ला १. त्याचा ट्रेनर त्या दिवशी दुसऱ्याच मैदानावर होता, त्यालाही आशा नव्हती. ही गोष्ट मी किती जणांच्या तोंडून ऐकली असेल, आणि प्रत्येक वेळी सांगणारा दहा मिनिटांत खिडकीवर जाऊन ५० ला १ चा घोडा लावून यायचा. अभ्यास सांगतात ते नेमकं उलट आहे, लांबच्या भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, १९४९ पासून हे मोजलं गेलंय, म्हणजे तिथे तोटा कापलेल्या टक्क्यांपेक्षाही जास्त होतो.

आणि हे सगळ्यात जास्त कधी होतं, तर दिवसाच्या शेवटच्या रेसला. हेसुद्धा १९५० च्या दशकातच कुणीतरी मोजून ठेवलंय. दिवसभर हरलेला माणूस शेवटच्या रेसला फेवरिट लावून काय करणार, त्याने खड्डा भरत नाही, म्हणून तो असा घोडा शोधतो की जो एका फटक्यात सगळं परत आणेल.

मी शोधला होता. चार नंबर, भाव एकास वीस. त्या दिवशी पाच रेस हरले होते, म्हणजे गेले होते फक्त ५००, आणि परत आणायला मी लावले २०००. ५०० भरून काढायला २०००, हे आता लिहिताना वेडेपणाचं वाटतं पण तिथे उभं राहून ते इतकं सरळ वाटतं ना, की आता एवढा वेळ घालवलाय, उरलंय काय, एकच रेस, घोडामैदान समोरच आहे. २००० माझ्याकडे नव्हतेही, मैत्रिणीकडून १२०० घेतले. तीही हरत होती, तिने काही न बोलता दिले. चार नंबर अकरावा आला. धावले होते बारा.

घरी येताना मी वही काढली आणि त्या दिवसाच्या पाच ओळी लिहिल्या. सहावी लिहिली नाही. विसरले नाही हं, पेन हातात होतं, पण लिहिलं असतं तर पहिल्या पानावरचा नियम मोडला असता आणि शिवाय टोटल घाण झाली असती. म्हणून माझी माझ्याशीच चोरी. रात्री दादाचा फोन आला, त्याला माहीत होतं मी जाते, विचारलं किती गेले, मी म्हटलं ५००.

पुढे बरेच दिवस मी वहीचा तोच आकडा खरा धरून चालले. मग फोनवर अॅप घेतलं, तिथे तर रांगही नाही, पॅडॉकपर्यंत चालत जाणं नाही, एक रेस संपली की दुसरीकडची कुठलीतरी दोन मिनिटांत सुटणारच असते. रेसकोर्सवर दोन रेसच्या मधे अर्धा तास मिळायचा, त्या अर्ध्या तासात माणूस थोडा शुद्धीवर यायचा, आणि माझ्या मते या खेळातली तेवढी एकच गोष्ट खेळणाऱ्याच्या बाजूने होती. अॅपने ती काढून घेतली. तीन आठवड्यांत अॅप डिलीट केलं, शहाणपणाने नाही, फोनची मेमरी भरली होती आणि फोटो की अॅप असा प्रश्न आला. परत टाकायला चार वेळा हात गेला.

मागच्या महिन्यात वहीची टोटल मारली. २१२ बेट्स, ५८ जिंकलेल्या. लावले २१,२००, परत आले १७,३८०. तोटा ३,८२०, टक्क्यांत काढला तर १८. दोन वर्षांचा अभ्यास, ओलं मैदान, बाप कोण, आई कोण, फेस, कान, आणि निघाले मी बरोब्बर तिथे जिथे डोळे मिटून लावणारा माणूस निघतो. वाईट वाटलं, पण खरं सांगू, थोडं हायसंही वाटलं, की दोन वर्षांच्या करमणुकीचे ३,८२० म्हणजे फार नाही.

आणि मग आठवलं की ते ३,८२० नाहीत.

त्या तारखेखाली जागा नव्हती, पुढच्या रविवारची नोंद लगेच सुरू झाली होती. दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात कोंबून लिहिलं, शेवटची रेस, चार नंबर, एकास वीस, २०००, अकरावा. टोटल खोडून परत केली. २१३ बेट्स, २३,२००. तोटा ५,८२०. मैत्रिणीचे १२०० तेव्हाच महिन्याभरात दिले होते, ते एक बरं.

मग दादाला फोन केला, सांगितलं की त्या दिवशी ५०० नाही, अडीच हजार गेले होते. तो म्हणाला, माहितीये. मी म्हटलं कसं काय? तर म्हणाला, तू आकडा फार पटकन सांगितलास, एरवी पैसे गेले की तू आधी दहा मिनिटं घोड्याबद्दल बोलतेस.