मुलींच्या शाळेचं गॅदरिंग

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की नागपुरातल्या मुलींच्या शाळांत शेवटचे दोन तास ढिले पडू लागायचे. संगीताच्या खोलीत पेटी, वरच्या मजल्यावर घुंगरू आणि कुठल्याशा वर्गात बाक भिंतीला सरकवून नाटकाचं वाचन. गॅदरिंग डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे. पहिला आठवडा निवडीत जायचा आणि शेवटचा कपड्यांत. खरी तालीम मधल्या चार आठवड्यांची.

तारीख ठरवताना नागपूरच्या शाळांना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे हिवाळी अधिवेशन. विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये, वसंतराव देशपांडे सभागृहही तिथेच. मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले की सीताबर्डीकडचे रस्ते तुंबतात, सायकलने येणाऱ्या मुली तासभर उशिरा पोचतात आणि ग्रीनरूममधलं सगळं वेळापत्रक कोसळतं. म्हणून जाणत्या बाई अधिवेशन आटोपल्यानंतरचीच तारीख धरायच्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम 2000 सालापासून आहे. तेव्हापासून तर कार्यक्रम पाचला सुरू करण्यावाचून इलाज नाही. पाहुण्यांचं भाषण आणि अहवालवाचन लांबलं की शेवटी बसवलेल्या नाटकाचा गळा कापला जातो. नाटक शेवटी ठेवू नये, बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळा करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुलींच्या शाळेच्या गॅदरिंगची गंमत अशी की तिथे प्रत्येक काम मुलीच करतात. शिवाजी महाराजही तीच, अफझलखानही तीच. ढोलकी वाजवणारी, पडदा ओढणारी, अंधारात सिंहासन उचलून नेणारी, हॅलोजनसमोर रंगीत जिलेटिन धरणारी, सगळ्या त्याच. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या काळापर्यंत पुरुष स्त्रीभूमिका करत आले. मुलींच्या शाळांनी पुरुषभूमिका करण्याचं शास्त्र आपल्यापुरतं तयार केलं, आणि ते कुठेही लिहून ठेवलेलं नाही.

त्यातला पहिला धडा आवाजाचा. पुरुषाची भूमिका मिळालेली मुलगी पहिल्याच दिवशी घसा आवळून आवाज जाड करते आणि आठवड्यात तिचा घसा बसतो. चांगल्या बाई तिला सांगायच्या, आवाज तुझाच ठेव, फक्त वाक्य संपवताना स्वर खाली आण आणि दोन वाक्यांमध्ये घाई करू नकोस. मुली बोलताना वाक्याचं टोक वर नेतात. ते खाली आलं की प्रेक्षकांना समोर सरदार दिसू लागतो. चालीचंही तसंच. पावलं मोठी टाकायला सांगितली की मुली उड्या मारल्यासारख्या चालतात. त्यापेक्षा पावलांतलं अंतर वाढवून उभं राहायला आणि वळताना आधी खांदा वळवायला शिकवलं की काम होतं.

दुसरा धडा मिशीचा. मिशी ऐन प्रवेशात सुटते याचं कारण बहुतेक वेळा एकच, ती मेकअपवर चिकटवलेली असते. डिसेंबरात नागपूरची हवा कोरडी, ओठ फुटलेले, म्हणून आधी कोल्ड क्रीमचा हात, त्यावर पॅनकेक, म्हणजे चेहऱ्याच्या रंगाचा थर, आणि मग वरच्या ओठावर स्पिरिट गम, म्हणजे मिशी चिकटवायचा डिंक. तेलकट थरावर गम धरतच नाही. वरचा ओठ कोरडा पुसून घ्यावा, तिथे क्रीम अजिबात लावू नये. गम लावल्यावर बोटाने टपटप करून चिकट होऊ द्यावा, मग मिशी बसवून ओलसर कपड्याने दाबावी आणि पॅनकेक सगळ्यात शेवटी लावावा. काढताना ओढायची नाही, खोबरेल तेल लावून दोन मिनिटं थांबायचं. पाचवी-सहावीच्या मुलींना गम लावूच नये, त्यांना आयब्रो पेन्सिलीने काढलेली मिशी पुरते.

फेटा हे वेगळंच प्रकरण. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडचे तयार फेटे मोठ्या माणसांच्या डोक्याच्या मापाचे असतात. लहान मुलीच्या डोक्यावर ते कानापर्यंत उतरतात आणि लढाईच्या पहिल्याच फेरीत डोळ्यांवर येतात. दोन्ही वेण्या डोक्यावर आडव्या-उभ्या नेऊन पिनांनी घट्ट बसवायच्या, वरून सुती पट्टी बांधायची, की फेट्याला पकड मिळते आणि मापही भरून निघतं. धोतर नेसवण्यात वेळ घालवण्यापेक्षा कमरेला इलॅस्टिक घालून शिवलेलं बरं. नऊवारी मात्र शिवलेली घेऊ नये, ती नेसलेलीच शोभते. पाचवीच्या मुलीला नऊ वार झेपत नाही, तिला सहावारीच काष्टा घालून नेसवावी. एका मुलीला आठ-दहा सेफ्टीपिना लागतात. वीस मुलींच्या कोळीनृत्याला दोनशे पिना हव्यात हे ऐकून नव्या शिक्षिका चकित होतात आणि पन्नासच आणतात.

प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य विंगेतून सुचवणारी, म्हणून जिला कुठलीच भूमिका मिळाली नाही तिला बसवण्याची वाईट सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. प्रॉम्प्टर पहिल्या वाचनापासून हजर असायला हवी. मुलगी वाक्य विसरून थांबली आहे की बाईंनी सांगितलेला विराम घेते आहे, हे जिने सगळ्या तालमी पाहिल्या तिलाच कळतं. आणि पूर्ण वाक्य द्यायचं नसतं, पहिले दोनच शब्द द्यायचे. पूर्ण वाक्य दिलं की ते पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनाही ऐकू जातं.

आता गाण्याकडे. नागपूरला संगीताची मोठी परंपरा आहे. गायक वसंतराव देशपांडे इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, आणि ‘रंजन कला मंदिर’ ही नाट्यसंस्था उभारणारे, ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर याच शहरातले. शाळांच्या संगीत शिक्षिका याच वातावरणात तयार झालेल्या, त्यामुळे ईशस्तवन आणि स्वागतगीत पेटी-तबल्यावरच व्हायचं. समूहगीताला सोळा ते वीस मुली पुरतात. त्याहून जास्त घेतल्या की शब्द एकमेकींवर सांडतात. पट्टी, म्हणजे पेटीची कुठली पट्टी षड्ज (सा) धरायची हे, ठरवताना गाण्याचा वरचा टोकाचा स्वर आधी पाहायचा. चाल तार पंचमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) जात असेल तर काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) बरी. मध्य सप्तकातच फिरणारी असेल तर काळी पाचला मुलींचे आवाज खुलतात. काळी एकला मुलींना गायला लावलं की खालच्या स्वरांत निम्म्या गप्पच असतात.

खरी फसगत तबल्याशी होते. काळी चारच्या षड्जात तबला लावायचा तर मोठ्या तोंडाचा लागतो, तो शाळेत नसतो. म्हणून काळी दोनचा एकच तबला ठेवणं शहाणपणाचं. काळी चारच्या गाण्याला तो पंचमात (‘प’वर) बसतो आणि काळी पाचच्या गाण्याला मध्यमात (‘म’वर). म्हणजे अख्ख्या कार्यक्रमात तबला बदलावा लागत नाही. फक्त एक पथ्य पाळायचं. स्वागतगीत भूप रागात बांधलेलं असेल तर ते काळी पाचला घेऊ नये. भूपात मध्यमच नाही, आणि तबला सतत मध्यम बोलत राहिला की गाणाऱ्या मुली कुठे चुकतंय ते न कळता बेसूर होतात. बाई मुलींना रागावतात, दोष मुलींचा नसतो.

मैदानावर उघडा रंगमंच असेल तर संध्याकाळी सहाला लावलेला तबला आठला उतरलेला सापडतो, कारण दव पडू लागतं आणि पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल होते. उलट हॅलोजनच्या जवळ ठेवला तर पुडी तापून स्वर चढतो. वादकांची बैठक दिव्यांपासून दूर विंगेजवळ हवी, तबल्यावर आच्छादन हवं आणि प्रत्येक गाण्याआधी अर्धा मिनिट हातोडीला द्यायला हवा. निवेदन करणाऱ्या मुलीला हे आधी सांगून ठेवावं, म्हणजे ती तेवढा वेळ बोलत राहते.

भुलाबाईच्या गाण्यांचा कार्यक्रम विदर्भातल्या शाळेत चुकवूच नये. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी गायलेली गाणी असतात, चाल चार-पाच स्वरांत फिरणारी, सासर-माहेरचे सवाल-जवाब असलेली. ती बसवायला वेळ लागत नाही. बिघडतं ते टिपऱ्यांच्या फेरामुळे. दोन रिंगणं असतात, आतलं एका दिशेने आणि बाहेरचं दुसऱ्या दिशेने फिरतं, आणि प्रत्येक ठोक्याला जोडीदार बदलते. एक मुलगी तापाने आली नाही की जोडी विषम होते आणि पूर्ण फेर तुटतो. चोवीस मुली नाचणार असतील तर सव्वीस तयार करायच्या, आणि त्या दोघींना दोन्ही रिंगणांतल्या जागा ठाऊक हव्यात. लाकडी रंगमंचावर चोवीस जोड टिपऱ्यांचा आवाज एवढा होतो की गाणं बुडून जातं. म्हणून गाणाऱ्या मुली रिंगणात न ठेवता बाजूला माइकपाशी बसवाव्यात. ढोलकी वाजवणाऱ्या मुलीने लय वाढवू नये. शेवटच्या कडव्याला प्रेक्षक टाळ्या देतात, तिथे हात हमखास धावतो.

रंगमंच मंडप-सतरंज्या भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्याकडून येतो. चोवीस फूट लांब, सोळा फूट खोल आणि तीन फूट उंच एवढा पुरेसा. उंची कमी ठेवली की मैदानात दरीवर (सतरंजीवर) बसलेल्या मागच्या मुलींना नाचणाऱ्या मैत्रिणींचे पाय दिसत नाहीत. फळ्यांचे खिळे आदल्या दिवशी हाताने चाचपून बघावेत, कारण अर्धा कार्यक्रम अनवाणी पायांनी होतो. वरची दरी ताणून चारही बाजूंनी ठोकावी. सैल दरीला सुरकुती पडते आणि नऊवारीतली मुलगी तिथेच अडखळते. दर्शनी पडद्याच्या तारेला मध्ये झोळ आला की कड्या तिथे अडकतात आणि पडदा अर्धाच उघडतो. तार कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पुन्हा कसायची, फक्त आदल्या रात्री कसून भागत नाही.

प्रवेश बदलताना अंधारात गोंधळ व्हायचा, तोही टाळता येतो. एक मुलगी एकच वस्तू उचलेल, रोज तीच, आणि तिची जागा रेडियमच्या टेपने खुणावलेली असेल, एवढं पाळलं की चाळीस सेकंदांत दरबाराचं जंगल होतं. या मुलींची तालीम नाटकाबरोबरच घ्यायला हवी. बहुतेक शाळा ती घेत नाहीत.

माइक तीन, रंगमंचाच्या पुढच्या काठावर पाच-सहा फुटांच्या अंतराने, खाली स्पंजचा तुकडा ठेवून. स्पंज नसेल तर पावलांचे धबधब आवाज संवादांवर येतात. स्पीकर माइकच्या पुढे प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत, मागे राहिले की शिट्टी सुरू होते. उभ्या दांडीचा माइक नाटकाला देऊ नये. मुली त्याच्यापुढे रांग लावतात आणि नाटकाची वक्तृत्व स्पर्धा होते.

अलीकडे बरेच कार्यक्रम मोठ्या सभागृहांत होतात. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह 2017 साली सुरू झालं. एवढ्या विस्तीर्ण जागेत लहान मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव मागच्या रांगांपर्यंत जात नाहीत, हात आणि मान यांच्या हालचाली मोठ्या बसवाव्या लागतात. नाच तर आता पेनड्राइव्हवरच होतात. सोय आहे, हे मान्य. मोबाइलवरून गाणं लावणार असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर लेझीमच्या मधोमध कुणाचा तरी फोन वाजतो. पण जिवंत पेटी-तबल्यावर मुलगी एक मात्रा चुकली तर वादक तिला सांभाळून घेतो, ट्रॅक सांभाळत नाही. निदान ईशस्तवन, स्वागतगीत आणि भुलाबाई तरी मुलींनी गाऊन, वाजवून करावी, असा आमचा आग्रह आहे.

रंगीत तालमीला आलूबोंडा आणि चहा, गॅदरिंगच्या दिवशी आलूभात. नाचणाऱ्या मुलींना तो कार्यक्रमानंतरच द्यावा, आधी फार तर केळं.

दुसऱ्या दिवशी ड्रेपरी परत जायची असते. सामानाची वही नववीच्या मुलींच्या हातात द्यायची, दहावीच्या नाही. पुढच्या वर्षी ती याच मुलींच्या कामाला येणार. वहीत नुसत्या वस्तू आणि आकडे नकोत, काय कमी पडलं तेही हवं: मुकुटाला आतून सुती पट्टी लावणे. टिपऱ्यांचे चार जोड जास्त घेणे. दाढी-मिशा टाल्कम पावडरच्या डब्यात कोरड्या ठेवणे. खानाचा अंगरखा खांद्यात उसवला आहे, ड्रेपरीवाल्याला सांगितले. पडद्याच्या दोन कड्या नवीन.