अर्धा ग्लास पाणी

वहीच्या प्रत्येक पानावर सकाळी साडेआठची एकच नोंद होती: अर्धा ग्लास पाणी. पहिल्या भेटीत मी ती वाचली आणि सरळ ओलांडून पुढे गेलो.

बाई ५२ वर्षांच्या. सात महिन्यांत ११ किलो वजन वाढलेलं. आधी दोन ठिकाणी ‘तोंडावर ताबा ठेवा’ ऐकून आलेल्या, म्हणून बसल्या बसल्या खाण्याची वहीच माझ्यापुढे सरकवली. खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं. वहीत लिहायचे दोन घास सगळेच विसरतात. भूक वाढल्याचं त्या स्वतःहून कबूल करत होत्या, पण तेवढ्याने ११ किलोंचा हिशेब लागत नव्हता.

नेहमीचे प्रश्न झाले. पाळी, झोप, घोरणं, पायावर सूज. सिगारेट सोडली की वर्षभरात चार-पाच किलो वाढू शकतात, तर तेही विचारून झालं. इन्सुलिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारातलं ओलान्झापिन, अशी वजन वाढवणारी औषधं बरीच आहेत. “कुठलंही औषध चालू नाही,” बाई ठाम. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल होता, त्यावर त्या हिरमुसल्या. पुष्कळांना वाटतं की थायरॉइड निघावा आणि सुटावं एकदाचं. पण तो मंदावला तरी सहसा दोन ते पाच किलोच वाढतात, आणि त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा असतो.

“जरा टेबलावर या,” म्हटलं. त्या दोन्ही हात खुर्चीवर टेकून, दुसऱ्या प्रयत्नात उठल्या.

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहरा गोल, पोट पुढे आलेलं, मानेमागे उंचवटा, आणि हातपाय मात्र काटकुळे. दंडांवर काळेनिळे डाग. पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे. बाळंतपणाच्या जुन्या खुणा पांढुरक्या असतात, या तशा नव्हत्या. बीपी १६०/१००. नुसत्या खाण्याने वाढलेल्या शरीरात मांड्यांची ताकद अशी जात नाही. हे चित्र जादा कॉर्टिसोलचं, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टेरॉइडचं होतं. अमेरिकन सर्जन हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेलं. कॉर्टिसोल बनवायचा हुकूम मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी देते; मी मनातल्या मनात तिच्या एमआरआयपर्यंत पोचलोसुद्धा.

बाकीच्या चाचण्यांबरोबर सकाळी आठचं कॉर्टिसोलही पाठवलं होतं. ते आलं ०.८. असायला हवं साधारण पाचच्या वर. नमुना बदलला असेल म्हणून पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. पिट्युटरीचा तो हुकूम नेणारं संप्रेरक, एसीटीएच, तेही तळाला. शरीर कॉर्टिसोलमध्ये बुडालेलं दिसतंय आणि रक्तात त्याचा थेंब नाही! याचा अर्थ कॉर्टिसोलसारखंच दुसरं स्टेरॉइड बाहेरून येत होतं आणि त्यामुळे कॉर्टिसोल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी गेल्या होत्या. पण कुठून येत होतं?

वही पुन्हा उघडली.

“ताई, हे रोजचं अर्धा ग्लास पाणी कशासाठी?”

“ते होय? गुडघ्याची कॅप्सूल गिळायला. पण ती नैसर्गिक आहे, औषध थोडंच!”

पर्समधून बिनलेबलची बाटली निघाली. दोन दिवसांत दुखणं थांबलं होतं, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं तेव्हाही अशीच काही दिवसांत जादू झाली होती, आणि दोन वर्षांत त्या कामाला नोबेल मिळालं. कॅप्सूल तपासायला दिली. डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे जोरदार स्टेरॉइड.

“आजच फेकून देते,” बाई म्हणाल्या. मी जवळजवळ ओरडलोच, “असं एकदम थांबवायचं नाही!” झोपलेल्या ग्रंथी तशा लगेच जाग्या होत नाहीत. बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं. कॅप्सूलऐवजी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीतलं कॉर्टिसोलच, मोजून सुरू केलं, मग हळूहळू कमी करत नेलं. ताप आला तर डोस वाढवायचा, पर्समध्ये तसं लिहिलेलं कार्ड ठेवायचं. गुडघे पुन्हा दुखू लागले तेव्हा त्यांचा सगळा राग माझ्यावर निघाला, आणि तो मी ऐकून घेतला.

११ महिन्यांनी कॉर्टिसोल १२ आलं. आठ किलो उतरले होते, पट्टे फिकटले होते. वही अजून चालू होती. पाण्यापुढे आता गोळीचं नाव, डोस, सगळं लिहिलेलं.

निघताना त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. परत येऊन खुर्चीत बसल्या, हात छातीशी घडी केले आणि म्हणाल्या, “बघा हं आता.”