तुम्ही विचारलंत म्हणून: मातीतून निघालेल्या या गोळ्या कशासाठी?

आमच्या घरी पहिल्यांदा येणारं माणूस बैठकीतल्या काचेच्या कपाटापाशी थांबतं आणि थोड्याफार फरकाने एकच विचारतं. युद्ध अमेरिकेचं, तुम्ही नाशिकच्या, तुमचा याच्याशी संबंध काय? आणि घ्यायचंच होतं तर एखादी सुंदर तलवार घ्यायची, हे माती लागलेलं शिसं आणि हिरवं पडलेलं पितळ कशाला? गणपतीच्या दिवसांत हे हमखास होतं आणि आरतीची वेळ झाली की माझं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कपाटात आहेत त्या १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धाच्या वस्तू. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं आणि उत्तरेचं केंद्र सरकार यांच्यातलं ते युद्ध. बंदुकीच्या गोळ्या, गणवेशाची बटणं, पट्ट्याची बक्कलं, फुटलेल्या तोफगोळ्यांचे तुकडे. सगळ्या व्हर्जिनियातल्या, म्हणजे मी आता राहते त्याच अमेरिकी राज्यातल्या, खासगी शेतांतून, मालकाच्या परवानगीने निघालेल्या. मी स्वतः फारशी खणत नाही. बहुतेक वस्तू मी खणणाऱ्यांकडून किंवा त्यांच्या वारसांकडून घेतल्या आहेत. कुणाच्या तरी माळ्यावर तेलपाणी करून जपलेली तलवार ती काय होती एवढं सांगते. मातीतून निघालेली गोळी ती कुठे होती ते सांगते, आणि जागा कळली की तिथं माणूस काय करत होता तेही पुष्कळदा कळतं. मला ओढ आहे ती त्याची.

गोळीपासूनच सुरुवात करू. या युद्धातली सर्वांत जास्त सापडणारी गोळी म्हणजे मिनी गोळी. क्लोद-एत्येन मिनी नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ती ओळखली जाते. हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेत जेम्स बर्टन याने तिची रचना सोपी केली आणि १८५५ मध्ये अमेरिकी सैन्याने ती स्वीकारली. तेव्हाचे युद्धमंत्री होते जेफरसन डेव्हिस, म्हणजे पुढे दक्षिणेच्या बंडखोर सरकारचे अध्यक्ष झाले तेच. बंदुका बहुतेक ठासणीच्या. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, आणि गजाने खाली ठासायची. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात. गोळी त्यांत घट्ट बसेल एवढी जाड केली तर ठासायला वेळ लागतो आणि सैल ठेवली तर नेम चुकतो. मिनी गोळी नळीपेक्षा किंचित बारीक आणि बुडाला पोकळ असते. दारू पेटली की त्या दाबाने बूड फुगतं, खाचांना चिकटतं आणि गोळी गरगरत बाहेर पडते. जाडी साधारण पंधरा मिलिमीटर, वजन तीस-बत्तीस ग्रॅम. एवढं मऊ शिसं हाडावर आदळलं की हाडाचा चुरा व्हायचा. या युद्धात इतके हातपाय कापावे लागले त्याचं हे एक मोठं कारण.

शिसं दीडशे वर्षं मातीत राहिलं की त्यावर पांढरा, खडूसारखा थर चढतो. काही हौशी लोक तो घासून काढतात आणि मला ते बघवत नाही. थर गेला की गोळीचं वयही गेलं आणि तिच्यावरच्या बारीक खुणाही. (ज्यांना हात लावून बघायचं असतं त्यांना मी नंतर साबणाने हात धुवायला लावते. शिसं विषारी असतं, आणि हा पांढरा थरही.)

खुणा वाचायला लागलं की गोळ्यांचे तीन ढीग होतात. एक, हातातून किंवा पिशवीतून पडलेल्या. त्यांच्या बुडाभोवतीची तिन्ही कडी शाबूत, अंगावर ओरखडा नाही. अशा गोळ्या एका ओळीत सापडल्या तर तिथं शिपायांची फळी उभी राहून बंदुका भरत होती असं समजायचं. दुसऱ्या, उडालेल्या. त्यांच्या बुडाच्या कडेवर नळीतल्या खाचांचे ठसे असतात आणि तोंड चेपलेलं असतं. या जिथं सापडतात तिकडे नेम धरलेला होता. तिसऱ्या, उपसलेल्या, आणि माझ्या सर्वांत आवडत्या त्याच.

त्यातली एक कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. बाकी गोळी धड आहे, पण टोकात एक भोक आहे, मधोमध नाही, जरा डावीकडे. आत बारीक आटे स्पष्ट दिसतात. गजाच्या टोकाला स्क्रू लावून तो नळीत अडकलेल्या गोळीत फिरवायचा आणि गोळी ओढून काढायची, हे शिपायाचं नेहमीचं काम. दारू भिजली, किंवा गडबडीत दारू न घालताच गोळी ठासली गेली की दुसरा मार्ग नसे. या गोळीत भोकाशेजारी आणखी एक उथळ वेडावाकडा चरा आहे. स्क्रू पहिल्यांदा निसटला होता. पहाऱ्यावरून ओलाचिंब परतलेला कुणीतरी थंडीने काकडलेल्या बोटांनी गज फिरवत होता असं मला वाटतं. यातलं थंडीचं तेवढं माझं, स्क्रू निसटल्याचं गोळीचं स्वतःचं.

अशी घाई किती असेल याचा अंदाज गेटिसबर्गवरून येतो. जुलै १८६३ मधली ती तीन दिवसांची लढाई संपल्यावर मैदानातून सत्तावीस हजारांहून जास्त बंदुका गोळा केल्याचं तेव्हाच्या नोंदी सांगतात. त्यातल्या बहुतेक भरलेल्या होत्या आणि हजारो बंदुकांत एकावर एक दोन-दोन बार ठासलेले होते. पहिला बार उडालाच नाही हे त्या गदारोळात कळलंच नव्हतं.

आता बटण. पितळी, गरुडाचं, समोरून थोडं आत दबलेलं. गरुडाच्या पंखाच्या सांदीत सोन्याच्या मुलाम्याचा केसाएवढा धागा टिकून आहे, बाकी सगळं हिरवट. मागची कडी एका बाजूला वाकलेली. गरुडाच्या छातीवरच्या ढालीत अक्षर नाही, म्हणजे हे साध्या शिपायाचं. अधिकाऱ्यांच्या बटणांवर पायदळ, घोडदळ, तोफखाना यांची आद्याक्षरं असत. उत्तरेच्या सैन्यातल्या शिपायांची अशी बटणं लाखोंनी बनली आणि बाजारात ती आजही महाग नाहीत. माझ्या बटणासोबत मात्र एक चिठ्ठी आहे. खणणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेली: हेन्रायको काउंटी (म्हणजे जिल्हा), अमुक शेत, ओढ्यापासून इतकं अंतर, झोपडीच्या चुलीजवळ, वीतभर खोल. दक्षिणेची राजधानी रिचमंड, तिच्या दाराशी असलेल्या त्या भागात १८६४-६५ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या पंचविसाव्या कोअरच्या, म्हणजे हजारो शिपायांच्या सैन्यदलाच्या, छावण्या होत्या, आणि ती कोअर कृष्णवर्णीय पलटणींची होती.

चिठ्ठी काढून घेतली तर हे बटण कुणाचंही असू शकतं. चिठ्ठीसकट ते बहुधा अशा माणसाचं आहे, ज्याला काही वर्षांपूर्वी बाजारात उभं करून विकता येत होतं. जुलै १८६३ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेत फ्रेडरिक डग्लस म्हणाले होते की, काळ्या माणसाच्या अंगावर एकदा यू. एस. ही पितळी अक्षरं येऊ द्या, बटणावर गरुड, खांद्यावर बंदूक आणि खिशात गोळ्या येऊ द्या, मग त्याने नागरिकत्वाचा हक्क कमावलेला नाही असं म्हणायची ताकद पृथ्वीवर कुणातही उरणार नाही. डग्लस स्वतः गुलामीतून पळून आलेले. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक या युद्धात उत्तरेकडून लढले. त्याच हेन्रायकोत, न्यू मार्केट हाइट्सच्या २९ सप्टेंबर १८६४ च्या लढाईसाठी त्यांच्यातल्या चौदा जणांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. डग्लसनी मोजलेल्या वस्तूंतली अक्षरं, गरुड आणि गोळ्या माझ्या कपाटात आहेत, आणि त्या तशा आहेत म्हणूनच मला हव्या आहेत.

‘आपला काय संबंध’ याचंही उत्तर इथंच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून फुल्यांना हे युद्ध परकं वाटलं नाही. मी तर त्याच्या रणभूमीपासून तासाभराच्या अंतरावर राहते.

दक्षिणेच्या सैन्याची बक्कलं का ठेवतेस असंही विचारतात. ठेवते. पण शेजारच्या कार्डावर हे बंड गुलामगिरी टिकवण्यासाठी होतं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ती वाक्यं झाकून बक्कल मिरवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

जागेचं मोल किती हे मला लिटल बिगहॉर्नने शिकवलं. यादवी युद्धानंतरची, १८७६ मध्ये मोंटानात अमेरिकी सैन्याचा अधिकारी कस्टर आणि त्याची तुकडी लाकोटा आणि शायान या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांकडून मारली गेली, ती लढाई. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं, जमीन उघडी पडली, आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांत डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांच्या हाती मेटल डिटेक्टर देऊन मैदान पिंजून काढलं. मिळालेली प्रत्येक पुंगळी उचलण्याआधी तिची जागा मोजून नकाशावर घेतली. चाप ओढल्यावर पुंगळीवर जो ठसा उमटतो तो प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. त्यावरून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली ते कळलं. योद्ध्यांकडे किती तऱ्हेच्या बंदुका होत्या, त्यांत लागोपाठ बार काढणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टरही होत्या, हे पुंगळ्यांनीच दाखवलं. त्याच पुंगळ्या कुणी आधीच खिशात घालून नेल्या असत्या तर त्यांतून फक्त पितळ उरलं असतं.

म्हणून सरकारी रणभूमीवर खणायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. गेटिसबर्ग, अँटिएटम, मनॅसस ही राष्ट्रीय उद्यानं. तिथं मेटल डिटेक्टर जवळ बाळगणंही गुन्हा. १९७९ च्या पुरातत्त्वीय संपत्ती संरक्षण कायद्याखाली दंडही होतो आणि तुरुंगही. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी पुरते. पुरातत्त्वज्ञ आणि खणणारे यांचं भांडण आहे ते याच जमिनीवरून. माझा कौल बऱ्याचदा पुरातत्त्वज्ञांना असतो. पण जिथं उद्या बुलडोझर येणार आहे तिथं नाही.

आमच्या भागातल्या मराठी मंडळींनी चँटिलीचं उदाहरण डोळ्यांसमोर आणावं. १ सप्टेंबर १८६२ ला तिथं भर पावसात, विजा कडाडत असताना लढाई झाली. उत्तरेचे दोन सेनापती, कर्नी आणि स्टीव्हन्स, त्याच संध्याकाळी पडले. आज ती रणभूमी घरं, रस्ते आणि दुकानांखाली आहे. राहिलीय ती ऑक्स हिलची पाचेक एकरांची बाग. हे डोळ्यांदेखत झालं म्हणूनच १९८७ मध्ये रणभूमी वाचवणारी संघटना उभी राहिली. ही जमीन खोदली जात असताना ज्यांनी पुढे होऊन वस्तू काढल्या आणि जागा लिहून ठेवल्या, त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांनी लिहून ठेवलं नाही त्यांच्याबद्दल मात्र माझ्याकडे चांगला शब्द नाही.

घ्यायचं मनात असेल तर दोन-तीन गोष्टी. बक्कलं सुरुवातीला घेऊ नका, बनावट मालाचा सुळसुळाट तिथंच आहे. ‘शस्त्रक्रियेच्या वेळी जखमीने चावलेली गोळी’ म्हणून दातांचे वण असलेली गोळी कुणी महागात विकत असेल तर सोडून द्या. भूल द्यायला क्लोरोफॉर्म आणि ईथर तेव्हा सर्रास वापरलं जाई, आणि तसले बरेच वण रानात उकरणाऱ्या डुकरांचे असतात. अखंड तोफगोळा तर घरातही आणू नका. आतली दारू अजून पेटू शकते. २००८ मध्ये व्हर्जिनियातल्याच चेस्टर गावात एक अनुभवी संग्राहक असा गोळा साफ करताना स्फोटात गेला.

आणि भारतातून आलेले पाहुणे शेवटी विचारतात ते: आपल्याकडे गडांवर असं करता येईल का? नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली चीज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. संरक्षित स्मारकांवर खणणं गुन्हा आहे, आणि १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या विक्रीला परवाना लागतो. गडाच्या उतारावर पावसाने एखादी शिशाची गोळी उघडी पडलेली दिसली तर हात लावू नका. शेजारच्या बुरुजासकट फोटो काढा, मोबाइलवर जागा टिपून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.